गरम रबर: ट्रॅक डेसाठी स्लिक निवडताना

(पिट, म्हणजे ट्रॅकशेजारची बाईक तयार करायची जागा. मागच्या चाकावरचा टायर वॉर्मर निघतो. काही सेकंद फक्त आवाज.)

वॉर्मर (टायर तापवणारं विजेचं आवरण) उतरला की टायर असा दिसतो. काळाभोर, गुळगुळीत, एकही खाच नाही. दिसतात ती फक्त ही बारीक भोकं, आणि तीही रबर किती शिल्लक आहे हे मोजण्यासाठी ठेवलेली. हाच स्लिक. ट्रॅक डेला, म्हणजे आपली बाईक शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, तो घ्यावा का, ते बघू.

रस्त्यावरच्या टायरला खाचा लागतात त्या पाणी बाहेर फेकायला. कोरड्या ट्रॅकवर त्यांचं काही काम नसतं, उलट त्या नडतात. खाचांमुळे रबराचे वेगवेगळे ठोकळे पडतात. जोरात ब्रेक मारला किंवा कॉर्नरमधून निघताना थ्रॉटल उघडला, की हे ठोकळे वाकतात, हलतात. त्या हालचालीने रबर नको तितकं तापतं आणि बाईक डुलू लागते. स्लिकचं रबर एकसंध असल्यामुळे ते जमिनीला जास्त टेकतं आणि हलतं कमी. म्हणूनच त्यात खूप मऊ रबर वापरणं परवडतं.

एवढं पाहिल्यावर कोणालाही वाटेल, मग स्लिकच घ्यावा. पण आधी ट्रॅक जवळून बघू.

(ट्रॅकचा पृष्ठभाग, अगदी जवळून.)

लांबून सपाट वाटणारा हा ट्रॅक प्रत्यक्षात खडीच्या टोकदार दाण्यांचा आहे. बाईकच्या वजनाखाली रबर या दाण्यांमध्ये दाबलं जातं, त्यांचा आकार घेतं आणि पुढे सरकल्यावर मूळ आकारात परत यायला किंचित वेळ लावतं. पकडीचा मोठा भाग या उशिरातून येतो. रबर थंड असेल तर ते कडक राहतं, दाण्यांत नीट शिरत नाही आणि वरच्यावर घसरतं. प्रमाणाबाहेर तापलं तर त्याच्यातला दम जातो आणि ते चोपडं होतं. या दोन टोकांच्या मधल्या तापमानातच ते काम करतं, आणि रेसिंग स्लिकसाठी हे मधलं तापमान बरंच वर असतं.

वॉर्मरवरचा आकडा 80 अंश सेल्सिअस दाखवतोय. वरचं रबर तेवढं तापायला फार वेळ लागत नाही. पण आतला सांगाडा आणि रिम अजून गार असतात. उष्णता तिथपर्यंत झिरपायला पाऊण ते एक तास जातो. हा मेकॅनिक काय करतोय बघा. टायर सोडून तो रिमला हात लावतो. रिम गरम लागली तरच तो बाईक सोडतो.

(गेजचा काटा. हवा सोडल्याचा आवाज.)

आता हवा, म्हणजे तिचा दाब. तो पीएसआय या एककात मोजतात. स्पोर्ट्स बाईकच्या रस्त्यावरच्या मागच्या टायरला साधारण 42 पीएसआय सांगितलेली असते. रेसिंग स्लिकला मागे, गरम असताना, 25 च्या आसपास पुरते. पुढच्या चाकात ती तिशीच्या वर ठेवतात. नेमका आकडा टायर बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यातूनच घ्यावा, शेजारच्या पिटमधून नाही. आणि 'गरम असताना' हे शब्द विसरून चालत नाही. 25 अंश तापमानाला 19 पीएसआय भरलेली हवा 80 अंशांवर पोचली की जवळपास 25 होते. थंड टायरमध्ये 25 भरून वॉर्मर चढवला, तर ती तिशीच्या वर जाईल, जमिनीला टेकणारा पट्टा आक्रसेल आणि इतकं जपून तापवलेलं रबर वाया जाईल. म्हणून हवा वॉर्मर काढता काढता मोजायची, आणि सेशन संपवून पिटमध्ये शिरल्याबरोबर पुन्हा.

(बाईक पिटमधून निघते.)

वॉर्मरने होते ती फक्त सुरुवात. पुढची उष्णता रायडरला टिकवावी लागते, ब्रेकिंगने, झुकावाने, वेगाने. रेसिंग स्लिकचा सांगाडा त्या भाराच्या हिशेबाने बांधलेला असतो. ट्रॅक डेला वेगानुसार पाडलेल्या गटांपैकी मधल्या गटात बेताने चालवणाऱ्याकडून तेवढा भार टायरवर येतच नाही. मग टायर लॅपमागून लॅप गार होत जातो, आणि रायडर मात्र सगळ्यात भारी टायरवर बसलोय या भरवशावर कॉर्नरमध्ये शिरतो.

(कॉर्नर. पुढचं चाक सटकतं.)

पुढचं चाक असं सांगून सुटत नाही.

म्हणून स्लिक घेताना पहिला प्रश्न एकच असावा: हा टायर मी तापता ठेवू शकतो का? ब्रँड आणि कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, त्यानंतर. वॉर्मर आणि त्याला लागणारी वीज नसेल, किंवा वेग अजून तयार होत असेल, तर खाचा असलेला ट्रॅकचा टायर जास्त भरवशाचा. त्यात कमीपणा काहीच नाही. खास ट्रॅक डेसाठी बनवलेले स्लिकही मिळतात. त्यांचं रबर कमी तापमानालाच पकड धरू लागतं आणि तापण्या-निवण्याचे फेरे जास्त सोसतं. ट्रॅक डेला येणाऱ्या बहुतेकांची गरज तेवढीच असते, असं आमचं ठाम मत आहे.

(टायरच्या बाजूवरची अक्षरं.)

कंपाउंडबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. थंड सकाळ आहे, तर सगळ्यात मऊ रबर घ्या, असं सर्रास सांगितलं जातं. पिरेलीच्या स्लिकवर एससी0, एससी1, एससी2 अशी खूण असते, आणि आकडा वाढेल तसं रबर कडक होत जातं. मागच्या टायरमध्ये एससी0 हे मऊ रबर तापलेल्या, गुळगुळीत ट्रॅकसाठी आहे. थंड आणि खरखरीत ट्रॅकवर तेच रबर फाटतं, म्हणून तिथे एससी2 घेतात. दुसऱ्या कंपन्यांच्या खुणा वेगळ्या असतात, तेव्हा एका कंपनीचं मऊ दुसरीच्या मऊशी ताडून बघू नये.

ट्रॅक बदलला की टायरचं वागणं किती बदलतं, याचं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडचं. 2013 साली तिथे डांबराचा नवा थर टाकलेला होता. मोटोजीपी या बाईक शर्यतीचे टायर इतके तापले, की शर्यत 19 लॅपवर आणावी लागली आणि एका टायरवर 10 पेक्षा जास्त लॅप नाहीत असा नियम झाला. रायडर मार्क मार्केझ एक लॅप उशिरा पिटमध्ये आला आणि बाद झाला.

(नकाशा.)

जर्मनीतल्या झाक्सनरिंगची अडचण निराळी. 13 पैकी 10 कॉर्नर डावीकडचे. लागोपाठच्या डाव्या वळणांमध्ये टायरची उजवी बाजू गार पडते, आणि मग समोर येतो अकरावा कॉर्नर, वेगाचा आणि उजवा. भले भले तिथे पडले आहेत. तुमच्या ट्रॅकवर असा कॉर्नर कुठला, हे पहिल्या सेशनच्या आधी नकाशावर शोधून ठेवा.

(सेशननंतरचा टायर. कॅमेरा हळूहळू कडेकडे सरकतो.)

हे दृश्य आम्ही मुद्दाम लांब ठेवलं आहे. नीट तापलेल्या टायरवर रबराच्या अशा बारीक, एकसारख्या वळ्या दिसतात, खोडरबराच्या चुऱ्यासारख्या. आता हा दुसरा टायर. इथे खोल, वेडेवाकडे चिरे आहेत आणि त्यांच्या कडा उचकटलेल्या. हे थंड रबर फाटल्याचं लक्षण. बोट एका दिशेने फिरवलं तर गुळगुळीत आणि उलट फिरवलं तर कड लागते, असं झालं असेल तर टायर बदलण्याआधी सस्पेन्शन, विशेषतः रिबाउंड (दबलेलं सस्पेन्शन परत उसळण्याचा वेग), तपासून घ्यावं.

मापाचंही बघावं लागतं. 190/55 (मिलिमीटरमधली रुंदी आणि तिच्या किती टक्के उंची) च्या जागी 200/60 बसवला की बाईकची मागची बाजू उंचावते. ती कॉर्नरमध्ये चटकन शिरते, पण सरळ पट्ट्यावर हलकी वाटू लागते. टायर आणि स्विंगआर्ममध्ये (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यामध्ये) बोट फिरेल एवढी जागा उरली आहे ना, हे इथे हाताने तपासताहेत. चाकाचा घेर बदलल्यामुळे ट्रॅक्शन कंट्रोललाही (चाक घसरू न देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेलाही) नवं माप शिकवावं लागतं.

पाऊस आला की स्लिक उतरवायचा. आणि सार्वजनिक रस्त्यावर तो कधीच नाही.

(पिटच्या कोपऱ्यात रचलेले जुने टायर.)

शर्यतीत वापरून काढलेले टायर स्वस्तात मिळतात, म्हणून ट्रॅक डेला त्यांना मागणी असते. घेण्याआधी बाजूवरचे हे चार आकडे वाचा. 1022 म्हणजे 2022 सालचा दहावा आठवडा. शून्य अंशाखाली साठवलेल्या स्लिकच्या रबराला तडे जाऊ शकतात, तेव्हा तो कुठे ठेवला होता तेही विचारा. रबर भरपूर दिसत असलं तरी प्रत्येक वेळी तापून निवताना ते थोडं थोडं कडक होत जातं, आणि भोकांची खोली मोजून ते कळत नाही. किती वेळा तापलाय, हे विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर तो टायर घेऊ नका.