दहाव्या अंकातलं रक्त

नमस्कार श्रोतेहो.

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना मागाचा खडखडाट वेगळा सांगायला नको. माझे वडील जॅकार्डच्या मागावर चादरी विणायचे. त्या मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांब माळ फिरत असते. एक पुठ्ठा म्हणजे एक आडवा धागा. कुठले उभे धागे वर उचलायचे, ते त्या भोकांवरून ठरतं. एकदा माळ ओवताना पाच-सहा पुठ्ठे उलटसुलट झाले आणि चादरीवरच्या मोराची मान मध्येच विस्कटली. वडिलांनी माग थांबवला, माळ खाली घेतली आणि अगदी पहिल्या पुठ्ठ्यापासून एकेक पुठ्ठा बोटांखालून घातला. चूक मध्येच कुठेतरी आहे हे त्यांना ठाऊक होतं. तरी सुरुवात पहिल्यापासून.

आज मी स्पायडरमॅनबद्दल बोलणार आहे. १९६२ साली सुरू झालेली ही चित्रकथा मी पहिल्या अंकापासून, एकही अंक न गाळता वाचत आलो आहे. तेव्हापासून वडिलांची ती माळ मला रोज आठवते.

आमच्या लहानपणी आमचा नायक होता वेताळ. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झालं आणि मराठीतूनही निघायचं. नवी पेठेतल्या एका दुकानात ही पुस्तकं वाचायला भाड्यानं मिळायची. गड्ड्याच्या यात्रेत खर्चायला मिळालेल्या पैशांतले निम्मे मी तिथंच घालवायचो. पण मिळेल तो अंक वाचायचा, असा सगळा कारभार. या आठवड्यात वेताळाला डायनापासून झालेली जुळी मुलं अंगणात खेळताहेत आणि पुढच्या आठवड्यात तोच वेताळ बिनलग्नाचा! कवटीच्या गुहेत बसलेला हा एकविसावा वेताळ आहे, आधीचे वीस त्याचे बापजादे, हे मला फार उशिरा कळलं. कारण ज्या पानावर ते सांगितलं होतं, ते पान आमच्या अंकातून फाटलेलं होतं. त्या पुस्तकांवर मी जीव टाकला. पण वेताळाचं आयुष्य मला सलग असं कधी दिसलंच नाही.

म्हणून चार वर्षांपूर्वी ठरवलं. रोज रात्री जेवण झाल्यावर एक अंक वाचायचा. दोन नाहीत, एकच.

स्पायडरमॅन पहिल्यांदा आला तो ऑगस्ट १९६२ च्या एका मासिकात. गोष्ट फक्त अकरा पानांची. लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिटको. शाळकरी पीटर पार्करला किरणोत्सर्गी कोळी चावतो, अंगात ताकद येते. समोरून पळणाऱ्या चोराला तो अडवत नाही आणि तोच चोर पुढे त्याच्या बेनकाकांचा जीव घेतो. हे आता सगळ्या जगाला पाठ आहे. ‘मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारी येते’ हे वाक्यही पाठ आहे. आपल्याला वाटतं, ते बेनकाकांनी पुतण्याला सांगितलं. मूळ अकरा पानांत काका तसं काही बोलतच नाहीत. ते वाक्य शेवटच्या चौकटीत येतं आणि ते निवेदकाचं आहे. पोरगा एकटा अंधारात चालत निघालाय आणि त्याला हे सांगायला घरात कुणी उरलेलं नाही. मला हे रूप जास्त खरं वाटतं, जास्त लागतं.

मार्च १९६३ मध्ये त्याचं स्वतंत्र मासिक सुरू झालं. पहिल्या अंकाची किंमत बारा सेंट. त्यातलं एक दृश्य तुम्हाला सांगतोच. काका गेले, घरभाडं थकलंय. पीटर मुखवटा घालून रंगमंचावर खेळ करतो आणि त्याला मोबदल्याचा चेक मिळतो. चेक स्पायडरमॅनच्या नावाचा. तो घेऊन हा बँकेत जातो, खिडकीपाशी उभा राहतो. आतला माणूस विचारतो, ओळखपत्र आहे का? भिंतीवर चढणारा, गाडी उचलणारा हा मुलगा पैसे न घेताच परत फिरतो. त्याच अंकात मे काकू आपले दागिने गहाण ठेवताना त्याला दिसते. मिल बंद पडल्यानंतरचे दिवस ज्या घरांनी पाहिलेत, त्यांना ही चौकट समजावून सांगावी लागणार नाही. माझ्या आईच्या पाटल्या अशाच गेल्या. पुढच्या अंकात पीटर गिधाडासारख्या पंखांच्या चोराचे फोटो काढतो, जेमसन नावाच्या संपादकाला विकतो आणि त्या पैशातून वर्षभराचं भाडं भरतो. हा जेमसन स्पायडरमॅनला रोज शिव्या घालणारा. पोटासाठी आपल्याच निंदकाकडे जायचं, ही पीटरची तऱ्हा पुढे वर्षानुवर्षं चालते.

आता दहाव्या अंकाकडे येतो. मार्च १९६४. मे काकू आजारी पडते, तिला रक्त लागतं आणि पीटर आपलं रक्त देतो. मनात त्याला शंका आहे, माझ्या रक्तानं काकूला काही होणार तर नाही? तेवढी एक पाल चुकचुकते आणि गोष्ट पुढे जाते. मीही पुढे गेलो. बावीस अंक उलटले. जानेवारी १९६६ चा बत्तिसावा अंक उघडला. काकू पुन्हा इस्पितळात, मरणाच्या दारात. डॉक्टर सांगतात, हिच्या रक्तात किरणोत्सर्गी कण सापडलाय. मी अंक मिटला आणि बराच वेळ तसाच बसलो. जे रक्त वाचवायला दिलं होतं, तेच तिला मारत होतं. त्या जुन्या अंकाचा हवाला छापलेला असतो म्हणा. पण हवाला वाचून समजणं वेगळं आणि बावीस रात्रींपूर्वीचं ते रक्त आपल्या डोळ्यांसमोर पुन्हा येणं वेगळं.

त्यानंतरचा तेहेतिसावा अंक अनेकांनी नावाजलेला आहे. सुटा मिळाला तरी आवडेल, पण सुटा वाचू नका. काकूचं औषध चार हातांवर आहे आणि पीटर एका अवजड यंत्राखाली दबलाय. छतातून पाणी गळतंय. डिटकोनं इथे जे केलंय ते बघत राहावं. आधी लहान चौकटी, यंत्राखाली चिरडलेलं शरीर, मग पीटर जोर लावतो तशा चौकटीही मोठ्या होत जातात आणि शेवटी पूर्ण पानभर तो उभा. यंत्र डोक्यावर उचललेलं, अंगावरून पाणी सांडतंय. कागदावर वजन कसं दाखवायचं, हे मी इतकं नीट दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

अडतीस अंकांनंतर डिटको सोडून गेला. एकोणचाळिसाव्यापासून जॉन रोमिटा आला आणि चेहरे एकदम देखणे झाले. मला जुना, खांदे पाडून चालणारा पीटर अधिक प्रिय आहे. पण रोमिटाची सवय झाली.

एकतिसाव्या अंकात कॉलेजमध्ये ग्वेन स्टेसी येते, पुढे पीटरची प्रेयसी होणारी. सुरुवातीला तिला लिहिणाऱ्यांनी फार काही दिलेलं नाही. रडणं आणि रुसणं, बस्स. ही त्या लेखनाची उणीवच आहे. तरी रोज रात्री एक याप्रमाणे नव्वद अंक, म्हणजे तीन महिने ती माझ्या घरात होती. नव्वदाव्या अंकात तिचे वडील गेले. आणि जून १९७३ चा एकशे एकविसावा अंक. लेखक जेरी कॉन्वे, चित्रं गिल केनची. पीटरचा जुना वैरी ग्रीन गॉब्लिन तिला पुलावरून ढकलतो. पीटर जाळं फेकतो, तिचा पाय पकडतो, अलगद वर ओढतो, आपण वाचवलं म्हणून आनंदानं बोलतही राहतो. पण त्या आधीच्या चौकटीत तिच्या मानेपाशी अगदी बारीक अक्षरात एक आवाज लिहिलेला आहे. काहीतरी तुटल्याचा. भरभर वाचणाऱ्याच्या नजरेतून तो निसटतो. या गोष्टीचं नावही पहिल्या पानावर छापलेलं नाही, ते शेवटच्या पानावर येतं, कारण नावातच सगळं उघड झालं असतं. तेव्हाचे वाचक खवळले होते. मला त्यांचा राग समजतो. त्यांनी तर तिच्यासाठी साडेसात वर्षं महिनामहिना वाट पाहिली होती.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. मूळ मासिक १९९८ पर्यंत ४४१ अंक चाललं, मग आकडे पुन्हा एकपासून सुरू केले. १९७६ पासून याच नायकाचं दुसरंही मासिक निघू लागलं, नंतर आणखी निघाली आणि नव्वदीत एकच गोष्ट चार मासिकांत विखुरली जायची. तिथे दमछाक होते. १९९४ ते १९९६ मधलं ते क्लोनचं, म्हणजे पीटरच्या हुबेहूब प्रतीचं, लांबलेलं प्रकरण वाचताना मी दोनदा थांबलो. तुम्ही आधी फक्त मूळ मासिक धरा. संग्रहाचे जाड खंड मिळतात, काळ्या-पांढऱ्या छपाईचेही. डिटकोच्या रेषा काळ्या-पांढऱ्यात काही उणावत नाहीत.

माझा भाचा आठवीत आहे. यंदा त्यानंही पहिल्या अंकापासून घेतलंय. आत्ता या वेळी तो शाळेत असतो, म्हणून हे सगळं मी मोकळेपणानं बोलू शकलो. नवे सिनेमे त्यानं पाहिलेत, पण ग्वेनचं त्याला काही माहीत नाही. काल रात्री त्यानं एकशे अठरावा अंक संपवला. झोपायच्या आधी माझ्या खोलीत आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, “मामा, ग्वेनचं आणि पीटरचं लग्न कधी होतंय की?”

मी म्हटलं, “दिवा मालव. उद्या एकशे एकोणिसावा.”

नमस्कार.