गाणं तेच, वाजवणारे वेगळे

नमस्कार श्रोतेहो.

क्लासिक रॉकचे दोन चाहते एकत्र आले की वाद ठरलेला. बीटल्सचा रिंगो स्टार खरंच चांगला ड्रमर होता, की नुसता नशीबवान? आणि हमखास रंगणारा दुसरा वाद: मूळ गाणं सरस, की नंतर दुसऱ्या कुणी आपल्या ढंगानं केलेलं तेच गाणं, म्हणजे कव्हर? मला विचाराल तर वादकाचं पाणी जोखायला कव्हरसारखी जागा नाही. स्वतःच्या गाण्यात बँड आपल्या सोयीचंच वाजवतो. दुसऱ्याचं गाणं हातात घेतलं की शब्द आयते, चालही बरीचशी आयती. उरतं ते वाजवणाऱ्याचं.

बीटल्सचं 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स' घ्या. 1967 सालचं, रिंगोनंच गायलेलं, त्याच्या गळ्याला झेपेल अशा बेतानं बांधलेलं, चार मात्रांत ठुमकत चालणारं गाणं. पुढच्याच वर्षी जो कॉकरनं लय पार खाली आणली, ठेका तीन-तीनच्या झोक्यावर नेला, ऑर्गन आणि गायिकांचा ताफा मागे उभा केला. गिटारवर होता जिमी पेज, त्याच्या लेड झेपलिन या बँडचा पहिला अल्बम यायच्या आधीचा. मूळ गाण्यातली थट्टामस्करी गेली, कळवळून केलेली विनवणी आली. कॉकरचे चाहते इथे रिंगोला हसतात, ते मात्र मला पटत नाही. रिंगो डावखुरा, पण उजव्या हाताच्या मांडणीवर वाजवायचा, म्हणून त्याचे तुकडे अनपेक्षित जागी पडतात. त्याच अल्बममधलं 'अ डे इन द लाइफ' ऐका आणि मग हसा.

आता झेपलिन. 1927 साली मिसिसिपीला महापूर आला. त्यावर मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय यांनी 1929 मध्ये 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' (लेव्ही म्हणजे नदीकाठचा बांध) हे ब्लूज रेकॉर्ड केलं. झेपलिननं ते 1971 च्या अल्बमवर घेतलं. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वास्तूत बँडचा ड्रमर जॉन बॉनमचे ड्रम जिन्याखालच्या दालनात मांडले आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सनं दोन मायक्रोफोन वरून टांगले. बॉनम जे वाजवतो ते शिकाऊ ड्रमरलाही दाखवलं तर बसवता येईल. तसं वजन मात्र येणार नाही. ठोका जरासा मागे रेलतो, जिन्यातला घुमारा त्यात मिसळतो आणि पूर ऐकू येतो. वेग हेच कौशल्य मानणाऱ्यांनी हे सात मिनिटं निमूट ऐकावं.

या गाण्यावर मिनीचं नाव तरी आहे. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड'चं श्रेय 1969 साली एकट्या पेजनं घेतलं. मूळ गाणं ज्याचं, त्या जेक होम्सनं 2010 मध्ये दावा लावला, तडजोड झाली, मग त्याचं नाव आलं. हा विषय निघाला की झेपलिनवाले पाणी प्यायला उठतात.

किंक्सचं 'यू रिअली गॉट मी', 1964 सालचं. त्यांचा गिटारवादक डेव्ह डेव्हिसनं छोट्या अँप्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडनं चिरून तो खरखरीत आवाज काढला. त्यातला सोलो पेजनं वाजवला ही वावडी अजून फिरते. डेव्हिसनं ती कायम खोडून काढली आहे. 1978 मध्ये व्हॅन हेलननं हेच गाणं केलं. त्यांचा गिटारवादक एडी व्हॅन हेलन, त्याची बोटं डेव्हच्या कितीतरी पुढची, यात वाद नाही. पण मला विचाराल तर ब्लेडवाला आवाज जास्त भिडतो.

राहता राहिलं 'ऑल अलाँग द वॉचटॉवर'. बॉब डिलनचं 1967 सालचं, गिटार आणि हार्मोनिकावर तोललेलं, तुटक. 1968 मध्ये जिमी हेंड्रिक्सनं त्यात गिटारचे थरावर थर चढवले, बेसही स्वतःच वाजवला. पुढे 1974 च्या दौऱ्यापासून डिलन आपलंच गाणं बरंचसं हेंड्रिक्सच्या अंगानं वाजवू लागला! मूळ ते मूळच म्हणणाऱ्यांनी यावर काय बोलायचं ते आपसांत ठरवावं. तोवर आपण लागोपाठ ऐकू या, आधी डिलन, मग हेंड्रिक्स.