कुणाला एकर, कुणाला पॉइंट

(दृश्य: पहाटेचा अंधार. बसथांबा. तोंडातून निघणारी वाफ.)

पहाटेचे सव्वापाच वाजलेत. जून महिना, म्हणजे इथला ऐन हिवाळा. टास्मानिया हे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं बेट, आणि होबार्ट ही त्याची राजधानी. शहराच्या डोक्यावर कुनान्यी डोंगर आहे. रात्री त्याच्यावर बर्फ पडून गेलाय, आणि तिकडून येणारा वारा हाडं गोठवतोय.

थांब्यावर तीन मुली उभ्या आहेत. त्यांची कुजबुज मराठी कानाला अर्धीमुर्धी कळते. तिघी नेपाळच्या. एक चितवनची, दोघी पोखऱ्याच्या. सकाळच्या पाळीला चालल्यात, वृद्धाश्रमात. इकडे त्याला एज्ड केअर म्हणतात.

(दृश्य: जेवणाची खोली. वाफाळता वाडगा. मिठाची डबी.)

सहाच्या सुमाराला आजोबांसमोर ओट्सची लापशी येते. आजोबा स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे, वय ऐंशीच्या पुढे. त्यांना लापशीत साखर चालत नाही, मीठ लागतं. ती आणणारी, थांब्यावरच्या तिघींतली एक. पहिल्या आठवड्यात ही मुलगी चुकली होती. आता ती न विचारता चिमूटभर मीठ घालते, ढवळते, वाडगा त्यांच्या उजव्या हाताला सरकवते. डावा हात आता चालत नाही.

दोघंही बाहेरून आलेले, आणि दोघांनाही हाच देश हवा होता. दोघांच्या जगण्याचा हिशोब मांडायचा तर सुरुवात कुठून करायची, हे या फिल्मच्या तयारीत मला बरेच दिवस सुचत नव्हतं.

२०२१ च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियात राहणारे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले लोक होते सुमारे १ लाख १८ हजार. नेपाळमध्ये जन्मलेले सुमारे १ लाख २२ हजार. म्हणजे नेपाळ्यांनी स्कॉटिश लोकांना मागे टाकलं. पंधरा वर्षांपूर्वी, २००६ मध्ये, ते जेमतेम साडेचार हजार होते. आणि स्कॉटिश वंशाचे आहोत असं सांगणारे? ते २१ लाखांच्या वर. पणजोबा स्कॉटलंडहून आले, म्हणून सांगतात. त्यांच्या पगाराचा वेगळा रकाना कुणी ठेवत नाही. ते केव्हाच नुसते ऑस्ट्रेलियन झालेत.

नेमकी इथेच तुलना फसते. दोन गटांचं आठवड्याचं उत्पन्न शेजारी-शेजारी लिहायचं आणि 'हे पुढे, ते मागे' म्हणायचं, हे सोपं आहे. पण स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्यांचं मधलं वय साठीच्या घरात आणि नेपाळ्यांचं तिशीच्या आत. एका बाजूला पेन्शनर, दुसऱ्या बाजूला विद्यार्थी. असा तक्ता कष्टांबद्दल किंवा हुशारीबद्दल काहीही सांगत नाही. कोण कधी आलं आणि कुठल्या दारातून आलं, हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

(दृश्य: बॉथवेल गाव. दगडी चर्च. मेंढ्या. छोटी नदी.)

होबार्टपासून गाडीनं तासाभरावर बॉथवेल आहे. गावातून वाहणाऱ्या नदीचं नाव क्लाइड. हो, ग्लासगोच्याच क्लाइडवरून ठेवलेलं. १८२२ मध्ये स्कॉटलंडच्या लीथ बंदरातून निघालेलं 'कॅसल फोर्ब्स' जहाज होबार्टला लागलं. त्यात अलेक्झांडर रीड होता, कॅप्टन पॅट्रिक वुड होता. रीडनं आपल्या शेताला एडिनबराजवळच्या आपल्या गावाचं नाव दिलं: राथो. ऑस्ट्रेलियातलं सगळ्यात जुनं गोल्फचं मैदान आजही त्याच शेतात आहे. खेळायच्या हिरवळीवर मेंढ्या येऊ नयेत म्हणून भोवती कुंपण असतं, बाकी मैदानभर त्या चरत असतात.

आता ही जमीन त्यांना कशी मिळाली ते ऐका. त्या काळी सरकारी नियम होता की, येताना किती भांडवल आणलंय ते दाखवा, त्या प्रमाणात जमीन घ्या. विकत नाही, बक्षीस. १८३१ पर्यंत हे चाललं. शेतावर राबायला सरकारनं नेमून दिलेले कैदी मिळायचे, म्हणजे मजुरी नाही, फक्त खाणं-कपडा. लोकर इंग्लंडला जायची, पैसा परत यायचा. १८३६ मध्ये ग्लासगोच्या भांडवलदारांनी वुडला बरोबर घेऊन 'क्लाइड कंपनी' काढली आणि समुद्र ओलांडून आजच्या व्हिक्टोरिया राज्यात आणखी जमीन धरली. जमीन, लोकर, नफा, पुन्हा जमीन. चौदा वर्षांत एवढा पल्ला.

आणि ती जमीन मोकळी नव्हती. तिथे बिग रिव्हरचे मूळ लोक राहत होते, हजारो वर्षांपासून. वसाहतवाल्यांशी त्यांचं युद्ध पेटलं, आणि ते संपलं तेव्हा जानेवारी १८३२ मध्ये बिग रिव्हर आणि ऑयस्टर बे या दोन्ही गटांतली उरलेली माणसं होबार्टच्या रस्त्यानं चालत आली. फक्त सव्वीस. त्यांना फ्लिंडर्स बेटावर नेऊन ठेवलं. बॉथवेलच्या त्या देखण्या दगडी घरांचं चित्रण करताना मला हा आकडा एक क्षणही विसरता आला नाही. स्कॉटिश चिकाटी, काटकसर, शिक्षणाची ओढ, सगळं खरं. पण पायाखालची जमीन दुसऱ्याची होती, तीही फुकट मिळालेली.

सगळे स्कॉटिश असे आले नाहीत, हेही सांगायला हवं. १८४६ मध्ये हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, बटाट्याचं पीक सडलं आणि दुष्काळ पडला. जमीनदारांना कुळांपेक्षा मेंढ्या फायद्याच्या वाटत होत्या. १८५२ पासूनच्या पाचेक वर्षांत एका मदत संस्थेनं सुमारे पाच हजार हायलँडर ऑस्ट्रेलियाला पाठवले. गेलिक ही तिथली जुनी भाषा बोलणारी, कफल्लक माणसं. पुढे १८८५ मध्ये एअरशायरचा एक खाणकामगार क्वीन्सलँडला उतरला. दहाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत गेलेला हा मुलगा, अँड्र्यू फिशर, तीन वेळा ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान झाला. कॉमनवेल्थ बँक स्थापन करणारा १९११ चा कायदा त्याच्याच सरकारनं केला.

म्हणजे गरीब स्कॉटिश माणूसही वर चढला. पण त्याच्यापुढच्या दाराला कडी नव्हती. नेपाळ, हिंदुस्थान, चीन इथून येणाऱ्यांसाठी होती.

(दृश्य: जुनं बंदर. टाइपरायटर. एक कागद.)

१९०१ मध्ये ऑस्ट्रेलियानं जो पहिलावहिला स्थलांतर कायदा केला, त्यात श्रुतलेखनाची परीक्षा होती. अधिकारी कुठल्याही युरोपीय भाषेत उतारा वाचणार, तुम्ही तो लिहायचा. हेतू उघड होता. गोरा नसलेल्याला त्याला न येणारी भाषा द्यायची आणि नापास करायचं. १९३४ मध्ये प्रागचा पत्रकार एगॉन किश आला. सरकारला तो नको होता. त्याला बऱ्याच भाषा येत होत्या, म्हणून त्याच्यापुढे ठेवली स्कॉटिश गेलिक. तो नापास झाला, पण कोर्टात गेला, आणि उच्च न्यायालयानं ठरवलं की या कायद्याच्या अर्थानं स्कॉटिश गेलिक ही युरोपीय भाषाच नाही! स्कॉटिश मंडळी चांगलीच भडकली. त्यांचं चिडणं मला समजतं. ज्या आयांनी त्या भाषेत अंगाई गायली, त्यांच्या नातवंडांनी का ऐकून घ्यावं?

ती परीक्षा १९५८ मध्ये गेली. वर्ण पाहून दार लावण्याचं धोरण पूर्णपणे संपायला १९७३ उजाडलं.

आणि याच मधल्या काळात वृद्धाश्रमातले आपले आजोबा आले. दहा पौंडात. १९४७ पासून सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ब्रिटनमधल्या प्रौढ माणसाला ऑस्ट्रेलियाचं तिकीट दहा पौंडाला मिळे, मुलं फुकट. बाकीचा खर्च दोन्ही सरकारांचा. अट एकच होती, दोन वर्षं राहायचं. त्याआधी परत गेलात तर खर्च भरून द्या. दहा लाखांवर माणसं अशी आली. आजोबांना आल्यावर पंधरा दिवसांत जस्ताच्या कारखान्यात नोकरी लागली. काही वर्षांनी सरकारी गृहयोजनेतलं घर हप्त्यानं मिळालं. त्यांच्या संपत्तीचं रहस्य काय, तर ते घर. पगार बेताचाच होता, पण घराची किंमत पन्नास वर्षं वाढत राहिली.

तरी म्हातारपण सुखाचं आहे असं समजू नका. ब्रिटनचं सरकारी पेन्शन ऑस्ट्रेलियात राहणाऱ्याला ज्या रकमेला सुरू होतं, त्याच रकमेला गोठतं. महागाई वाढते, ते वाढत नाही. तरुणपणी कष्ट करून तिकडे भरलेला पैसा इथे दरवर्षी झिजत जातो.

(दृश्य: काठमांडू. पुतलीसडक. जाहिरातींच्या पाट्या.)

आता दुसरं दार. काठमांडूत पुतलीसडक, बागबजार, डिल्लीबजार या भागात कन्सल्टन्सींच्या पाट्या एकावर एक चढलेल्या दिसतात. पाटीवर सिडनीचा ऑपेरा हाउस, टोपी घातलेले हसरे पदवीधर. दहा वर्षांचं यादवी युद्ध २००६ मध्ये संपलं, पण कारखाने आले नाहीत, नोकऱ्या आल्या नाहीत. २०१५ मध्ये भूकंपानं सुमारे नऊ हजार जीव घेतले. परदेशातून येणारा पैसा हा नेपाळच्या अर्थव्यवस्थेचा जवळजवळ चौथा हिस्सा आहे. आखातात मजुरीला जाणारे वेगळे. ज्यांच्या घरी थोडीफार जमीन आहे, ती गहाण टाकता येते, त्यांची मुलं ऑस्ट्रेलियाला.

ढिकुटी हा शब्द मी वृद्धाश्रमातल्या त्या मुलीकडून पहिल्यांदा ऐकला. पंधरा-वीस जणांनी महिन्याला ठरावीक रक्कम काढायची, दर महिन्याला एकानं उचलायची. मी म्हटलं, अगं, ही तर आपली भिशी! ती मुलगी खुदकन हसली. तिच्या पहिल्या सत्राची फी आईच्या ढिकुटीतून आली होती, दुसऱ्याची बँकेच्या कर्जातून, तिसऱ्याची तिनं इथे ताटं घासून.

अकरा वर्षांपूर्वी मी इथे शिकायला आले, तेव्हा माझ्या खोलीत दोन नेपाळी मुली होत्या. महाराष्ट्रात आपण नेपाळी माणसाला बहुतेक वेळा सोसायटीच्या गेटवर पाहिलेलं असतं, त्याच्याशी चार वाक्यंही बोललेली नसतात. माझंही तसंच होतं. त्यातली एक अकाउंटिंगचं मास्टर्स करत होती. तिनं कर शिकवला, डाळीला जिंबूची, म्हणजे तिकडच्या वाळवलेल्या पातीची, फोडणी द्यायला शिकवली, आणि माझ्या घरभाड्याची वेळ चुकली तेव्हा तिनं स्वतःचे पैसे भरले. हे मी इथे मुद्दाम सांगतेय.

विद्यार्थ्याला काम करायची मुभा बेताची. पंधरवड्याला चाळीस तास, जुलै २०२३ पासून अठ्ठेचाळीस. व्हिसाची नुसती अर्जाची फी जुलै २०२४ मध्ये ७१० डॉलरवरून १६०० वर गेली आणि पुढच्या वर्षी २०००. कोविडमध्ये पगार टिकवण्यासाठी सरकारनं जी मदत दिली, तीतून तात्पुरत्या व्हिसावाल्यांना वगळलं. एप्रिल २०२० मध्ये पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी ज्यांना परवडत नाही त्यांनी मायदेशी जावं असं सांगितलं. विमानं बंद होती. जायचं कसं?

शिक्षण झालं की इथे राहायच्या परवान्यासाठी सुरू होतो पॉइंटचा खेळ. अर्ज करायलाच किमान ६५ लागतात, बोलावणं यायला बहुतेक वेळा त्याहून बरेच जास्त. इंग्रजी अव्वल असेल तर २०. वय २५ ते ३२ असेल तर ३०. इथली पदवी ५. प्रोफेशनल इयर नावाचा कोर्स केला, त्याचे ५, फी वेगळी. राज्यानं नाव सुचवलं तर ५. आडबाजूच्या भागासाठी नाव सुचवलं तर १५. होबार्ट, डार्विन इथे नेपाळी मुलं का गोळा झाली, त्याचं मोठं उत्तर या पॉइंटांत आहे. टास्मानियात २०११ मध्ये नेपाळमध्ये जन्मलेली माणसं हजारसुद्धा नव्हती. २०२१ मध्ये सहा हजारांच्या आसपास होती.

अलेक्झांडर रीडनं भांडवल दाखवलं, त्याला एकर मिळाले. ही मुलगी भांडवल आणते, ते फीमध्ये जातं, आणि तिला पॉइंट मिळतात. दोघांच्या सुरुवातीत इतकी तफावत असताना दहा वर्षांनंतरचा बँकेतला शिल्लक आकडा कसा तोलायचा?

आणि तरीही. कायमचा परवाना हातात पडला की या मुलांचा वेग बघण्यासारखा असतो. माझ्या ओळखीची जोडपी बघते मी. नवरा अकाउंटंट, बायको नर्स, पाचव्या-सहाव्या वर्षी शहराच्या कडेला घर. गृहप्रवेशाला पन्नास माणसं, बागेत मोठ्या भांड्यात मोमो उकडत असतात. पण पदवीच्या तोडीचं काम सगळ्यांना मिळत नाही. इंजिनियर मुलगा रात्री कार्यालयांच्या फरशा पुसतो, हेही मी पाहिलंय. आणि टास्मानिया हे देशातलं सगळ्यात म्हातारं राज्य असल्यामुळे इथे सेवेला हात हवेतच. ते हात मोठ्या प्रमाणात नेपाळचे आहेत.

(दृश्य: दुपार. बस. खिडकीवर दव.)

दुपारी दोनला पाळी संपते. निघताना ती आजोबांच्या पायांवरची शाल नीट करते. ते काहीतरी म्हणतात. ग्लासगोच्या उच्चारातलं ते वाक्य मला कळत नाही, तिला कळतं. ती हसते, मान हलवते.

बसमध्ये बसल्यावर ती कानात इयरफोन घालते. इंग्रजीच्या परीक्षेचा सराव. फोनमधून एक वाक्य येतं, ती ते हळू आवाजात जसंच्या तसं म्हणते. पुढचं वाक्य. तेही म्हणते. शेजारचा माणूस वळून बघतो, ती आवाज आणखी बारीक करते. अव्वल यायला तिला चार गुण कमी पडताहेत, आणि ऑगस्टच्या एकोणीस तारखेला तिला तेहतिसावं पूर्ण होईल. त्या दिवशी वयाचे तीस पॉइंट पंचवीस होतील.

परीक्षेची पुढची तारीख तिनं जुलैची घेतलीय.