लवचिकता, पण किती दिवसांची?

मंडळी, तेलाच्या डब्यापासून सुरुवात करते. दिवाळीच्या तोंडावर किराणा दुकानात 15 किलोच्या डब्यावर सूट लागते. एरवी महिन्याला तीन पिशव्या नेणारं घर त्या आठवड्यात अख्खा डबा उचलतं. नुसत्या त्या आठवड्याच्या बिलांवरून मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते याचं माप, काढली तर वाटेल, भाव जरासा उतरला की लोक तेलावर तुटून पडतात. पण चकल्या दरवर्षीएवढ्याच होतात. पुढचे चार महिने ते घर तेलाकडे फिरकत नाही, आणि ते महिने आपल्या हिशेबात नसतात. खरेदी वाढली, खाणं वाढलं नाही. टिकणाऱ्या मालाची आठवड्याभराची लवचिकता अशी फुगून दिसते.

आता तूरडाळ. 2015 च्या ऑक्टोबरात तिचा किरकोळ भाव किलोला 200 रुपयांपर्यंत गेला, वर्षभरापूर्वीच्या दुपटीहून जास्त. आमच्या घरी वरण बंद झालं नाही, पातळ झालं. वाटीभर डाळीच्या जागी पाऊण वाटी आली. मसुरीचं वरण पहिल्यांदा केलं तेव्हा धाकट्यानं ताट सरकवलं होतं. भाव दुपटीवर आणि वापर जेमतेम पाव भागानं कमी. एका हंगामापुरतं पाहिलं तर अन्नाची मागणी अशी ताठर असते, कारण हाताची सवय आणि जिभेची सवय भावाइतक्या वेगानं बदलत नाही. दोन-तीन महिन्यांनी मात्र अर्धी तूर, अर्धी मूग असं आमचं जमून गेलं. मुलंही खायला लागली.

अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्येच लिहून ठेवलंय की भाववाढीचा पूर्ण परिणाम वापरावर दिसायला वेळ लागतो. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे शेंगदाणा तेलाचं काय झालं बघा. माझ्या लहानपणी गोडेतेल म्हणजे घाण्याचं शेंगदाण्याचं तेल, दुसरं काही नाहीच. एखाद्या वर्षी ते महागलं म्हणून कुणी सोडलं नाही. पण 1994 मध्ये पामतेलाची आयात खुली झाली, सोयाबीनचं तेल स्वस्तात मिळू लागलं, आणि पंधरा-वीस वर्षांत बहुतेक स्वयंपाकघरांतून शेंगदाणा मागे हटला. भावातला तोच फरक वर्षभरात जे करू शकला नाही, ते त्यानं एका पिढीत केलं.

याचा धोरणाशी थेट संबंध आहे, म्हणून तर मी इतकं पोटतिडकीनं बोलतेय. समजा कांद्याची थोड्या मुदतीची लवचिकता उणे 0.3 आहे. म्हणजे भाव 10 टक्के वाढला की मागणी फक्त 3 टक्के घटते. उलटीकडून बघा: बाजारात माल 10 टक्के कमी आला, तर भाव साधारण 33 टक्के चढल्याशिवाय हिशेब जुळत नाही. चाळीत साठवलेला कांदा संपत आला आणि पावसानं खरिपाचा भिजला की हेच घडतं. मग सरकार घाबरून निर्यात थांबवतं. सप्टेंबर 2019, सप्टेंबर 2020, पुन्हा डिसेंबर 2023.

या निर्णयांमागे एक गृहीत असतं: परदेशी गिऱ्हाईकही आज ताठर आहे तर उद्याही ताठरच राहील. 2019 च्या बंदीनंतर काही दिवसांतच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत म्हणाल्या होत्या की स्वयंपाक्याला कांदा वापरू नको असं सांगावं लागलं. ती झाली त्या आठवड्याची प्रतिक्रिया. पुढे त्यांच्या देशानं उन्हाळी कांद्याची लागवड वाढवायला घेतली, शेतकऱ्यांना बियाणं दिलं, दुसऱ्या देशांतून कांदा मागवला. आपण निर्यात पुन्हा उघडली तेव्हा लासलगावचा भाव लगेच हलला. पण सीमेपलीकडच्या शेतात लागलेलं रोप काही कुणी उपटून टाकलं नाही.