उपासमार नाही, नुसतं कुपोषण

युक्रेन, मार्च १९३३, तेव्हा स्टालिनच्या सोव्हिएत युनियनचा भाग. गॅरेथ जोन्स, वेल्सचा २७ वर्षांचा पत्रकार, मॉस्कोतून खारकिव्हच्या ट्रेनमध्ये बसला आणि मधेच एका लहान स्टेशनवर उतरून रुळांच्या कडेनं गावोगाव चालत सुटला. जो भेटेल तो तेच सांगत होता, घरात पाव नाही, मरतोय आम्ही. ट्रेनमध्ये एक कम्युनिस्ट वाद घालत होता की दुष्काळबिष्काळ काही नाही, तेव्हा जोन्सनं हातातला पावाचा तुकडा पिकदाणीत टाकला, तर एका शेतकऱ्यानं तो उचलून खाल्ला, मग संत्र्याची साल टाकली, तीपण खाल्ली. कम्युनिस्ट गप्प बसला.

२९ मार्चला बर्लिनमध्ये जोन्सनं हे जगाला सांगितलं. दोनच दिवसांत न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यांचा मॉस्कोतला बातमीदार वॉल्टर ड्युरँटीनं त्याला खोडून काढलं. हा १९३२ चा पुलित्झरवाला, म्हणजे पत्रकारितेतलं मोठं बक्षीस मिळालेला, स्टालिनची मुलाखत घेतलेला, त्याच्यापुढं या पोराला कोण विचारतंय! त्यानं लिहिलं, उपासमारीनं कोणी मरत नाहीये, पण कुपोषणातून येणाऱ्या आजारांनी बरेच मरतायत. वाक्य परत ऐका. कोणी पकडायला गेलं तरी हातात येणार नाही, इतकं बेतून लिहिलंय.

आणि मॉस्कोतले बाकीचे परदेशी पत्रकार? त्यांच्यातल्याच युजीन लायन्सनं १९३७ मध्ये लिहिलं की जोन्सला आम्ही सगळ्यांनी मिळून खोटं पाडलं, कारण तिकडं ब्रिटिश इंजिनियर्सवर खटला उभा राहणार होता, बातमी मोठी, आणि सोव्हिएत सेन्सॉरशी वाकडं घेतलं तर ती हातची जाणार. मला ड्युरँटीपेक्षा हेच लोक जास्त खुपतात, स्टालिनभक्त वगैरे नव्हते सगळे, नोकरी सांभाळत होते.

सप्टेंबरमध्ये ड्युरँटी ब्रिटिश वकिलातीत काय म्हणाला माहितीय? सोव्हिएत युनियनमध्ये वर्षभरात एक कोटी माणसं गेली असणं शक्य आहे. वकिलातीच्या कागदात ते नोंदलेलं आहे. त्याच महिन्यात त्याच्या बातम्यांमध्ये मात्र भरघोस पीक होतं. एकट्या युक्रेनमधल्या मृत्यूंचा आजचा अंदाज ३५ ते ४० लाख.

जोन्सला सोव्हिएत युनियनची दारं बंद झाली. १९३५ मध्ये इनर मंगोलियात डाकूंनी पळवून नेलं आणि मारलं, तिसावा वाढदिवस एका दिवसावर होता. ड्युरँटीचं पुलित्झर काढून घ्या अशी मागणी होत राहिली, २००३ मध्ये बोर्डानं नाही म्हटलं, बक्षीस १९३१ च्या बातम्यांसाठी होतं आणि दुष्काळ नंतरचा. टेक्निकली बरोबरच आहे म्हणा.