दामराकवरचा विटांचा बाजार

नमस्कार श्रोतेहो.

अ‍ॅमस्टरडॅमच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकातून बाहेर पडलं की समोर दामराक नावाचा रस्ता लागतो. ट्रामची खडखड, सायकलींची गर्दी, तळलेल्या बटाट्यांचा वास. डाव्या अंगाला थोडं पाणी आहे, तिथे पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटी बांधलेल्या असतात. ते पाणी संपलं की विटांची एक लांबच लांब इमारत सुरू होते आणि रस्त्याच्या कडेकडेनं पार पुढच्या चौकापर्यंत जाते. टोकाला चौकोनी मनोरा, त्यावर घड्याळ. बरेच लोक तिच्यावर नजर टाकतात न टाकतात आणि डाम चौकातल्या राजवाड्याकडे निघून जातात. आज मी तुम्हाला इथेच थांबवणार आहे. हा अ‍ॅमस्टरडॅमचा जुना शेअर बाजार. ‘ब्यूर्स फान बेर्लाझ’, म्हणजे बेर्लाझ या वास्तुरचनाकारानं बांधलेला बाजार.

बाजाराच्या इमारती जगभर आहेत. मोठाले खांब, संगमरवर, सोन्याचा मुलामा. पण बाजार कुणाच्या जिवावर चालतो, हा प्रश्न स्वतःच्याच भिंतींवर मांडून ठेवणारा दुसरा शेअर बाजार मला माहीत नाही. म्हणून ही इमारत मला फार मोलाची वाटते.

ती समजून घ्यायला ४०० वर्षांहून जास्त मागं जायला हवं. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली आणि तिच्यात भांडवल घालायची मुभा देशातल्या कुणालाही मिळाली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये ही नोंदणी डिर्क फान ओस या व्यापाऱ्याच्या घरी, नेस नावाच्या गल्लीत झाली. एकट्या या शहरातून १,१४३ जणांनी मिळून ३६ लाख गिल्डरांहून (गिल्डर म्हणजे तेव्हाचं डच नाणं) जास्त रक्कम घातली. त्यात बडे सावकार होतेच, पण त्याच घरात कामाला असलेली नेल्टखेन कोर्नेलिस नावाची मोलकरीणही होती. तिनं १०० गिल्डर लावले. घरमालकाच्या दिवाणखान्यात दिवसच्या दिवस श्रीमंत माणसं येऊन मोठमोठे आकडे लिहून जातायत, आणि शेवटी ही बाई आपलं नाव सांगायला पुढे होते. त्या वहीतल्या सगळ्या नावांत मला हे नाव सगळ्यात जवळचं वाटतं.

आता कंपनीची अट अशी की एकदा पैसे घातले की १० वर्षं परत मागायचे नाहीत. मग मध्येच कुणाला मुलीचं लग्न करायचं असेल, कर्ज फेडायचं असेल, तर? त्यानं आपला हिस्सा दुसऱ्याला विकायचा. विकणारा आणि घेणारा दोघांनी कंपनीच्या कचेरीत जायचं, हिशेबनीस खातेवहीत एकाच्या नावावरून हिस्सा उतरवून दुसऱ्याच्या नावावर चढवायचा, संचालक त्याला मंजुरी द्यायचे. १६१२ साली पहिल्या १० वर्षांची मुदत भरली, तेव्हाही कंपनीनं भांडवल परत केलं नाही. त्यामुळे पैसे सोडवायचा रस्ता एकच उरला, विक्री. शेअर बाजार म्हणून आज आपण जे ओळखतो, त्याची पाळंमुळं या साध्या अडचणीत आहेत.

सुरुवातीला हे सौदे पुलावर व्हायचे, पाऊस आला की चर्चमध्ये. १६११ मध्ये शहरानं हेंड्रिक द केसर या वास्तुकाराकडून रोकिन कालव्यावर खास इमारत बांधून घेतली. मधे मोकळं अंगण, चारी बाजूंनी खांबांची ओवरी. खांबांना क्रमांक होते आणि कुठला माल कुठल्या खांबापाशी विकायचा हे ठरलेलं होतं. जोसेफ दे ला वेगा या लेखकानं १६८८ मध्ये या बाजाराचं वर्णन लिहून ठेवलंय. एकानं तळहात पुढे करायचा, दुसऱ्यानं त्यावर टाळी मारायची, भाव वर-खाली झाला की पुन्हा टाळी. तळहात लाल होईपर्यंत हे चालायचं. आपल्याकडे बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, त्याची मला ते वाचताना आठवण झाली. कागद नंतर, आधी हात. दिलेला हात मागे घेणाऱ्याला पुढच्या वेळी कुणी हात देत नसे.

इथवर ही गोष्ट विश्वासाची आहे. पण भागधारकांना नफा वाटला गेला तो कशाच्या रूपात? १६१० साली कंपनीनं पहिला लाभांश दिला, त्यातला मोठा भाग रोख नव्हता. तो चक्क जायपत्रीच्या रूपात दिला गेला. हो, आपल्या मसाल्याच्या डब्यातली जायपत्री. त्या काळी ती जगात पिकायची फक्त बांदा बेटांवर, आजच्या इंडोनेशियात. हा माल दुसऱ्या कुणालाही मिळू नये म्हणून कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरसून कून यानं १६२१ मध्ये बांदावर स्वारी केली. हजारो माणसं मारली गेली, उपासमारीनं मेली, गुलाम म्हणून नेली गेली. बेटांवरची मूळ वस्ती जवळजवळ पुसली गेली, आणि मग गुलामांकरवी जायफळाच्या बागा चालवल्या गेल्या. अ‍ॅमस्टरडॅमच्या ओवरीत टाळी देणाऱ्याला यातलं काही दिसत नव्हतं. त्याला दिसत होता भाव.

याच कंपनीची माणसं आपल्या कोकणातही होती. पोर्तुगीजांच्या गोव्याची समुद्रातून नाकेबंदी करायची तर जवळपास पाणी, धान्य, दारूगोळा ठेवायला जागा हवी, म्हणून १६३७ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाहीकडून परवानगी घेऊन त्यांनी वेंगुर्ल्याला बस्तान बसवलं. वेंगुर्ल्याची पडकी डच वखार कित्येक श्रोत्यांनी पाहिली असेल. तिच्या भिंतींना लागलेला पैसा अ‍ॅमस्टरडॅमच्या याच भागधारकांचा.

आता परत दामराकवर येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला शहराला नवा बाजार हवा होता. हेंड्रिक पेट्रस बेर्लाझकडे हे काम आलं आणि १८९८ ते १९०३ या काळात इमारत उभी राहिली. २७ मे १९०३ रोजी राणी विल्हेल्मिनानं तिचं उद्घाटन केलं. मालाचा, धान्याचा आणि शेअरचा अशी तीन मोठी दालनं, वर लोखंड आणि काचेचं छप्पर. विशेष म्हणजे बेर्लाझ समाजवादी विचारांचा माणूस. पुढे कधीतरी सट्टेबाजी संपेल आणि ही वास्तू सगळ्या लोकांचा वाडा होईल, अशी त्याची धारणा होती. त्या दिवसाचा विचार करूनच त्यानं ती बांधली.

कशी, ते भिंतीच्या अगदी जवळ जाऊन पाहा. गिलावा नाही, रंग नाही, वीट जशी आहे तशी. जिथे जिथे भार येतो तिथे तिथे दगड बसवलाय, म्हणजे खांबाच्या माथ्यावर, कमानीच्या पायाशी, तुळई टेकते तिथे. पण खांबाचा माथा सहसा नक्षी करून बाहेर काढतात, तो इथे भिंतीच्या रेषेतच कापलाय. हात फिरवलात तर वीट कुठे संपली आणि दगड कुठे लागला हे फक्त स्पर्शातल्या गारव्यावरून कळेल. वरची लोखंडी कैची आणि तिचे खिळे उघडे आहेत. कुठली गोष्ट कशानं पेलली आहे हे लपवायचं नाही, असा त्याचा हट्ट. ज्या घरात गैरव्यवहार सहज झाकता येतात, त्या घराच्या भिंतींनी तरी काही झाकू नये, असं मला तिथे उभं असताना वाटलं. त्या काळी अनेकांना ही इमारत ओकीबोकी वाटली होती. मला ती देखणी वाटते, आणि ती याच कारणानं.

सजावटीची सगळी योजना बेर्लाझनं कवी आल्बर्ट फेरवे याच्याकडून करून घेतली. आणि चित्रांसाठी निवडला यान तोरोप, हा चित्रकार जन्मला जावा बेटावर, डचांच्या वसाहतीत. त्यानं रंगवलेली तीन फरशीचित्रं चौकाच्या बाजूच्या प्रवेशाच्या भागात आहेत. तिथे आता कॅफे आहे, त्यामुळे कॉफी मागवून निवांत बघता येतात. विषय तीन, भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य. भूतकाळात गुलामी, वर्तमानात कष्टकऱ्यांचं जागं होणं, भविष्यात स्त्री-पुरुष बरोबरीनं. रोज दलाल सौदे करायला यायचे त्या दारापाशी हे चित्र लावायला धाडस लागतं. आणि ते लावू देणाऱ्या नगरपालिकेचंही मला कौतुक वाटतं, कारण इमारत नगरपालिकेच्या पैशानं बांधली जात होती.

पण याच इमारतीच्या एका कोपऱ्यावर कूनचा पुतळा आहे. होय, बांदाचा कून. लाम्बर्टस झेल या शिल्पकारानं तो घडवला. दुसऱ्या कोपऱ्यावर कायदेपंडित ह्यूगो द ग्रोट, ज्यानं समुद्र सगळ्यांना खुला असला पाहिजे असं मांडलं, आणि मांडलं तेही कंपनीची बाजू घेताना. आत गुलामीचं चित्र आणि बाहेर गुलामी लादणाऱ्याचा सन्मान, दोन्ही एकाच छपराखाली. हा पुतळा काढून टाकावा असं मला वाटत नाही. तोरोपच्या चित्रासमोरून उठून त्याच्यापुढे उभं राहायला मिळतं, हे मला गरजेचं वाटतं. मात्र बांदाची हकीकत त्याच्या पायाशी ठळक अक्षरात असायला हवी.

शेअर दलाल या इमारतीत फार काळ रमले नाहीत. जागा अपुरी पडू लागली, भिंतींना तडे गेले आणि लोखंडी सळयांनी त्या बांधून घ्याव्या लागल्या. १९१०च्या दशकात दलालांनी त्याच चौकात, समोर, स्वतःची इमारत बांधली. अ‍ॅमस्टरडॅमचा बाजार आजही त्याच पत्त्यावर आहे. बेर्लाझच्या दालनांत आता मैफिली होतात, प्रदर्शनं भरतात, परिषदा होतात. २००२ मध्ये आजचे राजे विलेम-अलेक्झांडर आणि माक्सिमा यांचा नोंदणी विवाह इथेच झाला. बेर्लाझनं कल्पिलेली क्रांती काही आली नाही, पण सट्टा बाहेर गेला आणि लोक आत आले, एवढं तरी घडलं.

तुमचं किंवा तुमच्या मुलांचं त्या बाजूला जाणं झालं, तर माझा सल्ला असा. आधी कॅफेत शिरून तोरोपची चित्रं बघा. आत कार्यक्रम असेल तर तिकीट काढा, कारण मोठं दालन इतर वेळी सहसा उघडं मिळत नाही. मग बाहेरून पूर्ण फेरी मारा, कूनचा कोपरा चुकवू नका. तिथून डाम चौक ओलांडून नेस गल्लीत जा, जिथे नेल्टखेननं नाव लिहवलं. आणि शेवटी औदे होखस्ट्राट या रस्त्यावर ईस्ट इंडिया कंपनीची जुनी कचेरी आहे, आता तिथे विद्यापीठ भरतं. शेअर एका नावावरून दुसऱ्या नावावर चढवायला विकणारे आणि घेणारे याच कचेरीत यायचे. सगळं मिळून पायी अर्ध्या तासाच्या आत उरकतं, पण त्याला सकाळ द्या.

नमस्कार.