पवईचं उपकरण, घरचा विद्यार्थी

(पडद्यावर: व्हिडिओ कॉलच्या चौकटी, बहुतेकांचे कॅमेरे बंद)

"सर, आवाज तुटतोय." "स्क्रीन दिसतेय का सगळ्यांना?"

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि अभियांत्रिकीचे तास याच वाक्यांनी सुरू होऊ लागले. आपल्याकडे ही वाट अगदीच नवी नव्हती. आयआयटी मुंबईने त्याआधीच 'ए-व्ह्यू' या अमृता विद्यापीठाच्या ऑनलाइन वर्गांच्या प्रणालीवरून देशभरातल्या अभियांत्रिकी शिक्षकांना प्रशिक्षण दिलं होतं. त्यामुळे व्याख्यानं निभावली. फळ्याच्या जागी टॅबलेट आला, समीकरणं त्यावर लिहून झाली.

गाडं अडलं ते प्रात्यक्षिकांपाशी.

यंत्राच्या भागांवर भार पडला की काय होतं ते संगणकावर तपासणाऱ्या ॲन्सिससारख्या सॉफ्टवेअरला दणकट संगणक लागतो. परवाने महाग, आणि बरेचदा कॉलेजच्या नेटवर्कपुरतेच. घरी जुना लॅपटॉप, नाहीतर नुसता मोबाइल. इथे रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दूरचा संगणक घरून चालवण्याची सोय, कामाला येतो. सगळी आकडेमोड प्रयोगशाळेतल्या संगणकावरच होते. विद्यार्थ्याकडे येतं ते पडद्याचं चित्र, तेही जेवढं बदललं तेवढंच. त्याच्याकडून जातात ते कळा दाबल्याचे आणि माउस हलल्याचे संकेत. नेट मंद असलं की मात्र हात पुढे जातो आणि चित्र मागून येतं. त्रिमितीय मॉडेल फिरवताना जीव मेटाकुटीला येतो.

(पडद्यावर: एका टोकाला भार असलेली तुळई, रंगीत जाळी)

आता हा तास नीट बघा. विद्यार्थिनीने कॅन्टिलिव्हर बीम, म्हणजे एकाच टोकाला पक्की धरलेली तुळई, काढला, मेश केला म्हणजे त्याचे जाळीसारखे छोटे तुकडे पाडले, भार दिला आणि 'सॉल्व्ह'वर क्लिक केलं. लाल अक्षरांत एरर. शिक्षक तिची स्क्रीन बघतायत. कंट्रोल मागून ते दोन क्लिकमध्ये दुरुस्त करू शकतात. ते तसं करत नाहीत. विचारतात, "ही तुळई कशाला धरून उभी आहे गं?"

ती थांबते. मग डावीकडची बाजू निवडते आणि तिला फिक्स्ड सपोर्ट देते, म्हणजे ती बाजू जागेवर पक्की धरते. या वेळी उत्तर येतं. लगेच वहीत 'पीएल क्यूब बाय थ्री ईआय' हे पुस्तकातलं सूत्र मांडून ती टोकाचं झुकणं ताडून बघते.

भरलेल्या लॅबमध्ये ही चूक शिक्षकांच्या नजरेला पडलीच असती असं नाही. शेजारच्याचं बघून तिनेही ती गुपचूप सुधारली असती. ऑनलाइन शिकवण्याची खरी ताकद मला इथे दिसते: विद्यार्थ्याचा हात कुठे अडखळतो, ते शिक्षकाला जवळून दिसतं. त्यासाठी माउस विद्यार्थ्याच्या हातात राहायला हवा. दीड तास फक्त शिक्षकाचीच स्क्रीन चालली, तर ते प्रात्यक्षिक नव्हे.

(पडद्यावर: छोटं सर्किट, त्यावर पंखा आणि पोलादी पट्टी)

आणि खऱ्या उपकरणाचं काय? लेथवरचा हात घरबसल्या तयार होत नाही, हे मान्यच. पण पवईत, आयआयटी मुंबईत, प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या गटाने 'सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम' उभी केली. पोलादाची पातळ पट्टी, तिला तापवणारी नायक्रोमची तार, थंड करायला छोटा पंखा आणि तापमान मोजणारा सेन्सर. विद्यार्थी इंटरनेटवरून आपली वेळ राखून ठेवतो, सायलॅब या गणिती सॉफ्टवेअरमधून हीटर आणि पंखा चालवतो आणि कंट्रोल थिअरीतला पीआयडी नियंत्रक, म्हणजे तापमान ठरलेल्या आकड्यावर राखणारी पद्धत, प्रत्यक्ष लावून बघतो.

सिम्युलेशनचा आलेख सहसा गुळगुळीत असतो. इथला थरथरतो, कारण तिकडे खरीखुरी पट्टी तापत असते. पंख्याचा वेग वाढवला, तरी तापमान उतरायला वेळ घेतं. पुस्तकात 'टाइम कॉन्स्टंट' म्हणून पाठ केलेली गोष्ट विद्यार्थी घरी बसून डोळ्यांदेखत अनुभवतो.

टाळेबंदी संपली, वर्ग पुन्हा भरले. पण अनेक कॉलेजांत आजही संध्याकाळी कॉम्प्युटर लॅबला कुलूप लागतं आणि परवाना असलेले संगणक रात्रभर बंद पडून राहतात. मेसचं जेवण उरकून विद्यार्थी प्रोजेक्टला बसतात तेव्हा त्यांना तेच संगणक हवे असतात. त्यातले थोडे जरी रिमोट डेस्कटॉपसाठी चालू ठेवले आणि लॉगिनच्या वेळा वाटून दिल्या, तरी या सत्रापासूनच सुरुवात करता येईल.